दोन वाट्या कालवण

आमच्या अण्णांनी वीस वर्षं तिसगावच्या शाळेत भूगोल शिकवला आणि वीस वर्षं निळ्या खडूनं फळ्यावर समुद्र काढला. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, खाडी आत कुठवर शिरते, वाळूच्या किनाऱ्याला पुळण का म्हणतात, सगळं तोंडपाठ. पण खरा समुद्र त्यांनी जन्मात बघितलेला नव्हता. दरवर्षी एखादं आगाऊ पोर विचारायचंच, "गुरुजी, तुमी गेल्ते का कधी तितं?" की अण्णा डस्टर आपटून म्हणायचे, "पुढचा धडा काढा." मीही त्याच वर्गात शिकले, त्यामुळं त्या आपटण्याचा अर्थ मला कळायचा आणि मान खाली घालून मी पाटीवर रेघोट्या मारत बसायचे. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणायचे, "एकदा जायचं बरं का." आई म्हणायची, "जाऊ की." आणि दोघंही मोठ्याईकडं बघायची.

मोठ्याई म्हणजे मोठी आई, अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, माझी चुलती. थोरले आबा ऐन पंचविशीत गेले. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ तिनं काढून स्वतःच्या गळ्यात घातली, दहा वर्षांच्या दिराला शाळेत धाडलं आणि स्वतः औतामागं उभी राहिली. अण्णा गुरुजी झाले ते तिच्या जिवावर. त्यामुळं घरात राज्य तिचं. आवाज असा की ओसरीवरून हाक मारली तर बाजारतळावरची माणसं वळून बघायची. सकाळी पीठगिरणीचा फट् फट् आवाज सुरू व्हायच्या आत तिच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. बाजरीची भाकरी, तव्यावर भाजलेल्या मिरचीचा ठसका, आणि मग ती आईला विचारायची, "कालवान कशाचं केलं गं?" आमच्याकडं भाकरीबरोबर जे जे म्हणून पातळ असेल ते कालवण. डाळीचं कालवण, वांग्याचं कालवण, काही नसलं तर दाण्याच्या कुटाचं कालवण. भाकरी चुरायची आणि कालवायची, म्हणून कालवण. मोठ्याई त्यातल्या 'ण'चा 'न' करायची, तसा आमचा सगळा गावच करायचा. हे एवढं सविस्तर का सांगतेय ते पुढं कळेल. म्हातारपणी माणूस पाल्हाळ लावतं, पण हे पाल्हाळ नाही.

त्या वर्षी मी अकरावी मॅट्रिकची परीक्षा दिली होती. पास होणार याची मला खात्री होती, आणि पुढं नगरला वसतिगृहात राहून कॉलेज करायचं मी मनात पक्कं धरलं होतं. अण्णा तयार, आई तयार. अडलं होतं मोठ्याईपाशी. तिला शिक्षणाचं वावडं नव्हतं. तिचं वावडं बाहेरच्या अन्नाशी होतं. "वसतीगृहात कोन रांधतंय, कशात कालथा बुडवतंय, कुनी बघितलंय? एका डावानं मटन बी ढवळत्याल आन् वरन बी. पोरगी बाटंल." तिनं स्वतः आबा गेल्यापासून परक्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. माळेला बट्टा लागेल म्हणून नात्यातल्या लग्नालाही स्वतःची भाकरी फडक्यात बांधून न्यायची. मी रडून बघितलं, रुसून बघितलं, एक दिवस जेवलेही नाही. ती म्हणाली, "न्हाई जेवली तर सांज्याला जास्त जेवशील."

मग अण्णांनी, आयुष्यात पहिल्यांदा, वहिनीपुढं एक डाव टाकला. "वहिनी," ते म्हणाले, "आपणच चार दिवस बाहेर राहून बघू. कोकणात हरिहरेश्वर आहे, मोठं तीर्थ. चार दिवस बाहेरचं खाऊ. तुमच्या माळेला काही झालं नाही, तर शकू नगरला जाईल."

"आन् काही झालं तर?"

"तर नाही जाणार. मी परत तोंड उघडणार नाही."

मोठ्याईनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. समुद्राचं नावही कुणी काढलं नव्हतं, पण ती काही खुळी नव्हती. म्हणाली, "भावजी, देवाच्या नावाखाली तुमाला त्यो समींदर बघायचाय, व्हय ना?" अण्णा इतके लाजले की मला हसू आवरेना.

निघायची तयारी म्हणजे काय सांगू! मोठ्याईनं चार दिवसांच्या दशम्या केल्या, कारण तिचा बाहेरच्या अन्नावर अजून विश्वास नव्हता. दाण्याची चटणी, गुळाचा खडा, आणि फिरकीच्या तांब्यात आमच्या आडाचं पाणी. "तितं समदं खारं पानी असतंय," ती मला समजावून सांगत होती, जशी काही स्वतः जाऊन आली होती. नगर, पुणे, मग घाट. घाटात एसटी वळणं घ्यायला लागली तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि कंडक्टरला विचारलं, "बाबा, हा रस्ता सरळ करता येत न्हाई का?" तो म्हणाला, "आजी, डोंगर सरळ करावा लागेल." ती डोळे मिटूनच म्हणाली, "मंग करा की, पगार घेता ना?" सगळी गाडी हसली.

आम्ही श्रीवर्धनला उतरलो. अण्णांच्या ओळखीतून एका सुपारीच्या वाडीत खोली मिळाली होती. वाडीतून पाटाचं पाणी झुळुझुळु वाहायचं, वर सुपारीची झाडं सरळ उभी, आणि एक गार, ओलसर वास. आमच्या पाथर्डीकडच्या माणसाला ओलाव्याचा वास म्हणजे सण. पण अण्णांना धीर कुठला? पिशव्या टाकल्या न टाकल्या तोच निघाले. केतकीच्या बनातून वाट काढत आम्ही पुळणीवर आलो आणि समोर ते पसरलेलं. अण्णा थांबले. मग चपला हातात घेऊन चालत गेले, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि मागं वळून ओरडले, "खारट आहे! खरंच खारट आहे!" वीस वर्षं पोरांना तेच शिकवणारा माणूस! आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मोठ्याई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढं पानी! आन् गुराला एक घोट पाजायचा उपेग न्हाई." तरी तिनं लुगडं वर खोचलं आणि पाय भिजवलेच. लाट आली की "आगं आई गं!" म्हणून माझा दंड धरायची, लाट गेली की पुन्हा दोन पावलं पुढं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं एका शाकाहारी खानावळीत जेवलो. ओल्या काजूची उसळ, आमसुलाचं सार, नारळ घातलेलं सगळं काही. मोठ्याईनं बाहेर बाकावर बसून दशमी-चटणी खाल्ली. अण्णा तिला सांगायला गेले, "वहिनी, काजू भाजीत घालतात इथं, पांढरे पांढरे, मऊ." ती म्हणाली, "घालू द्या, त्यांचं काजू." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं सोडलं तर दशम्यांवर हिरवी बुरशी! तिसगावात चार दिवस राहिलेली दशमी फार तर वाळून खडखडीत व्हायची, तिला बुरशी येते हे आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. मोठ्याई त्या दशम्यांकडं बघत बसली. मग वाडीतल्या गाईला त्या सगळ्या घातल्या आणि आमच्याबरोबर बंदर बघायला निघाली.

बंदरावर होड्या, जाळी, मासळीचा उग्र वास. मोठ्याईनं नाकाला पदर लावला, पण डोळे सगळीकडं फिरत होते. जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ उभी राहून तिनं गाठ कशी मारायची ते विचारूनही घेतलं. या सगळ्यात दुपार टळली आणि आम्ही गावात परतलो तेव्हा ती शाकाहारी खानावळ बंद झालेली. भुकेनं जीव चाललेला. रस्त्याकडेच्या एका घरात एक बाई जेवण करून घालतात असं कळलं. अण्णांनी पुढं होऊन त्यांना सगळं बजावून सांगितलं. आम्ही माळकरी, मासे-मटण चालत नाही, भांडीसुद्धा निराळी हवीत. बाई फार मायाळू. म्हणाल्या, "काही काळजी करू नका हो, आमच्याकडे देवाचा स्वयंपाक असतो त्या भांड्यांत करते." पानं वाढली. तांदळाची भाकरी, वांग्याची सुकी भाजी, लोणचं. तेवढ्यात कुणाची तरी हाक आली म्हणून बाई शेजारी गेल्या आणि वाढायला त्यांची सून आली. ती आत्ताच कुठूनसं घरी आलेली, पदर खोचलेला, पाय ओले. तिला आमच्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मोठ्याईला कोरडं जात नाही. तिनं दोन घास कसेबसे गिळले आणि आतल्या बाजूला मान वळवून म्हणाली, "बाई, वाईच कालवान असंल तर वाढा की."

"कालवं ना?" सुनेचा चेहरा खुलला. "आहेत, आहेत. सकाळीच केलीत."

मोठ्याई खूश. आईच्या कानाशी लागून म्हणाली, "बघ, कालवनालाबी 'आहेत' म्हनत्यात. लई मानाची मान्सं हायेत." तिच्यापुरती वाटी आली. लाल, दाट, नारळ-लसणाचा वास, वर आमसूल. तिनं भाकरी चुरली, कालवली, घास घेतला आणि थांबली. मला वाटलं, आता काय! पण तिनं डोळे मिटले आणि मान डोलवली. "हेच ते काजू का वो भावजी? मऊ लागत्यात. आपल्याकडं न्हाई अशी चव." अण्णांचा आणि आईचा जेवणात जीव गुंतलेला, दोघांनी नुसतं "हो हो" केलं. एक वाटी संपली. तिनं दुसरी मागितली. मी जन्मात तिला दुसऱ्यांदा काही मागताना पाहिलं नव्हतं.

मी हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथं सून बसली होती, पुढ्यात टोपलीभर काळपट खडबडीत शिंपले आणि हातात छोटीशी कोयती. टक् करून शिंपला फोडायची आणि आतलं मऊ, ओलं काहीतरी काढून वाडग्यात टाकायची. मी विचारलं, "हे काय हाय?"

"कालवं," ती म्हणाली. "ओहोटीला दगडांवरून काढून आणतो. तुमच्या आजींना फार आवडली हो. सांगा त्यांना, आणखी आहेत."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. मी पुन्हा विचारलं, म्हणजे जिवंत असतात? ती हसली. म्हणाली, "मग? मासळीच ती." मी परत आत आले तेव्हा मोठ्याई बोटं चाटत होती.

त्या संध्याकाळी मोठ्याई जेवढी आनंदात होती तेवढी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही फार नाही. पुळणीवर बसली, ओल्या वाळूचं घर केलं, लाटेनं नेलं तर पुन्हा केलं. आईला म्हणाली, "ये, तुझी खोली कंची, सांग." खेकडा पळाला तर त्याच्या मागं चार पावलं धावली. आणि मग वाळू झटकत अण्णांना म्हणाली, "भावजी, मी उगंच भ्यायले. परक्या मुलखात असं घरच्यावानी जेवान मिळतंय. पोरीला नगरला धाडायला काय हरकत न्हाई." अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. आईनं मला जवळ घेतलं. आणि मी, जिला नाचायला हवं होतं, मी वाळूत बोट खुपसून बसले होते. बोलले तर कॉलेज गेलं. अण्णांनी शब्दच दिला होता. नाही बोलले तर कुणाला काही कळणार नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, तिला कळलं नाही म्हणजे लागलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला वकिली फार लवकर येते. त्या वकिलीवर मी ती संध्याकाळ काढली, आणि खोटं कशाला बोलू, सूर्य बुडताना मला छानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हरिहरेश्वर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये देऊळ. अण्णा आणि आई नारळ घ्यायला गेले. मोठ्याईनं पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि गळ्यातली माळ दोन्ही हातांनी सारखी केली. आबांची माळ. पायरीवर तिनं पाऊल टाकलं आणि माझी वकिली संपली. मी तिचा पदर धरला.

"मोठ्याई, थांब. तू काल खाल्लंस ते काजू नव्हतं."

"मंग काय हुतं?"

"कालवं. शिंपल्यातला जीव असतो. तू कालवान म्हनलीस, तिला कालवं ऐकू आलं."

तिनं उजवा हात उघडून तळव्याकडं बघितलं. "दोन वाट्या खाल्ल्या मी."

"व्हय."

"तिसरी मागनार हुते. तुला कवा कळलं?"

"कालच. हात धुताना."

"म्हंजी पुळनीवर मी नगरचं बोलले, तवा तुला म्हायत हुतं?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. ती रडली नाही. "मंग आता का सांगितलंस? गप राह्यली असतीस तर कुनाच्या बापाला कळनार हुतं?"

"तू आबांची माळ घालून देवाम्होरं चालली हुतीस," मी म्हणाले.

ती वळली आणि तशीच खाली समुद्राकडं चालायला लागली. मी मागं मागं. मला भीती वाटली की ही माळ काढून टाकते की काय. पण ती कमरेएवढ्या पाण्यात गेली, माळ मुठीत धरली आणि नाक दाबून तीनदा डुबकी मारली. पोहणं सोडाच, विहिरीच्या कठड्यावर न बसणारी बाई! वर आली तेव्हा अण्णा नारळ घेऊन धावत आले होते. "वहिनी, अहो हे काय?"

"तीर्थात आंघूळ केली," ती म्हणाली. "का, बंदी हाय?"

निथळत्या लुगड्यानं ती देवळात गेली आणि बराच वेळ आत होती. ओहोटी होती म्हणून नंतर आम्ही कड्याखालच्या वाटेनं प्रदक्षिणेला निघालो. अण्णा पुढं, खडकांना लाटांनी पाडलेली भोकं आईला दाखवत, भूगोल अंगात आलेला. मोठ्याईनं मला मागं ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी देवाला समदं सांगितलं. म्हनलं, मी कालवान मागितलं, तिनं कालवं दिली. तिची चूक न्हाई, माझीबी न्हाई. बोलीचा घोटाळा हाय, तुझा तू निस्तर." मग थोडं चालून, "आबाला बी सांगितलं. त्यो हसला असंल." आणि तिनं माझी हनुवटी धरली. "सोताचं नुकसान दिसत असताना तू खरं बोललीस, शके. आता तुला कुठंबी धाडायला मला भ्या न्हाई. तू खाशील ते बघून खाशील, आन् चुकलं तर घरी येऊन सांगशील. मला आनखी काय पायजे?"

मग हात उंचावून पुढं हाक मारली, तिच्या त्या बाजारतळाच्या आवाजात, "भावजी! पोरगी नगरला जानार!" अण्णा म्हणाले, "काल ठरलंच की, वहिनी." ती म्हणाली, "काल ठरलं त्ये निराळं. आज मी ठरवलंय." त्यांना काय कळणार? हे आज मी पहिल्यांदा लिहितेय. त्या चौघांतली मी एकटीच उरलेय.

घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी आईनं चुलीपुढून विचारलं, "कालवण कशाचं करू?" मोठ्याई खेकसली, "आमटी म्हन! चांगला आमटी शबूद असताना कालवान कशाला लागतंय तोंडात?" आई गोंधळून गेली. मी परड्यात जाऊन पोट धरून हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. अण्णांनी मात्र शाळेत नव्या वर्षी समुद्र काढला आणि एखाद्या पोरानं विचारायची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "खारट असतो. मी चाखलाय."

जूनमध्ये मला नगरला पोचवायला मोठ्याई स्वतः आली. माझी ट्रंक, चटणीचा डबा, आणि तिचे हजार प्रश्न. वसतिगृहाच्या बाईंनी तिला सगळं फिरून दाखवलं, स्वयंपाकघरही दाखवलं. "सकाळी पोळी-भाजी," बाई सांगत होत्या, "आणि रात्री भाकरी आणि कालवण."

मोठ्याई जागच्या जागी थांबली. "कशाचं?"

"मटकीचं, मुगाचं, असं काहीतरी."

"असं काहीतरी न्हाई. मटकीचं का मुगाचं, नीट सांगा." बाई बावरल्या. मी मोठ्याईचा हात दाबला. तिच्या तोंडावर हसू फुटत होतं ते मला दिसलं.

फाटकाशी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं मोडली, दोन पावलं गेली आणि परत आली. इकडंतिकडं बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात, म्हणाली, "कुनाला बोलू नगंस, शके. पर चव... चव लई झ्याक हुती गं."

आणि पदर तोंडाला लावून, खांदे गदागदा हलवत, ती एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.